वायदा बाजार आणि आपण : जोखीम कोणी वाहायची?

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या समाजाच्या पहिल्या पिढीपुढे प्रश्न होता तो पाय रोवण्याचा. नोकरी, घर, मुलांचे शिक्षण आणि गावाकडील आई-वडिलांचा सांभाळ या जबाबदाऱ्या पार पाडता पाडता शिलकीचा विचार करण्यास तिला उसंत मिळाली नाही. आज परिस्थिती पालटली आहे. हाती चार पैसे शिल्लक राहू लागले आहेत आणि त्यांचे काय करावे, हा प्रश्न घराघरांतून विचारला जात आहे. बँकेतील ठेव, निवृत्ती निधी, शेअर्स या मार्गांची माहिती बहुतेकांना असते. परंतु सोने, खनिज तेल, गहू, मका, कापूस, सोयाबीन अशा वस्तूंच्या वायदा बाजाराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, हा निव्वळ जुगार आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुसरा म्हणतो, येथे अल्प भांडवलावर अल्पावधीत श्रीमंत होता येते. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर आधारलेली वाटतात. वायदा बाजार ही जोखमीची देवघेव करणारी संस्था आहे. तिचे ज्ञान प्रत्येकाने मिळवावे. तिच्यात व्यवहार मात्र फार थोड्यांनी आणि फार बेताने करावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी सोयाबीन हे एकच पीक उदाहरण म्हणून घेऊ. इलिनॉय आणि आयोवा या राज्यांतून मोटारीने जाताना मैलोगणती दिसणारे हे पीक आज विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचेही प्रमुख नगदी पीक आहे. लातूरच्या बाजार समितीत पुकारला जाणारा भाव आणि शिकागोत ठरणारा भाव यांचे नाते घनिष्ठ आहे. सोयाबीन गाळले की तेल आणि पेंड हे दोन पदार्थ निघतात आणि दोहोंचा व्यापार जगभर चालतो. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यामुळे शिकागोतील तेजी-मंदी, मलेशियातील पामतेलाचा भाव आणि दिल्लीत ठरणारे आयातशुल्क या तिन्हींचा परिणाम औसा किंवा चिखलीच्या शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशावर होतो. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद आजही हे पीक घेतात. सबब हा विषय केवळ गुंतवणूकदारापुरता मर्यादित नाही.

हजर सौदा आणि वायदा

माल समोर आहे, भाव ठरला, पैसे दिले आणि माल उचलला, हा झाला हजर सौदा. माल पुढील एखाद्या महिन्यात द्यावयाचा, पण त्याचा भाव आजच ठरवावयाचा, हा झाला वायदा. ही कल्पना पुरातन आहे. जपानमधील ओसाका शहरातील दोजिमा येथील तांदळाच्या बाजारास १७३० मध्येच शासनाची मान्यता मिळाली होती. आधुनिक वायदा बाजाराची जडणघडण मात्र प्रामुख्याने शिकागोत झाली. १८४८ मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची स्थापना झाली आणि त्याच वर्षी इलिनॉय-मिशिगन कालवा वाहतुकीस खुला झाला. सुगीच्या दिवसांत धान्याचा पूर येई आणि भाव कोसळत; वसंत ऋतूत टंचाई होई आणि भाव कडाडत. या चढउतारावर उपाय म्हणून आगाऊ भाव ठरविण्याची पद्धत रूढ झाली. १३ मार्च १८५१ रोजी तीन हजार बुशेल मका जूनमध्ये पोहोचविण्याचा करार झाला, तो त्या दिवशीच्या भावापेक्षा एक सेंट कमी दराने. तेथील नोंदलेल्या वायद्याच्या करारांत हा पहिला मानला जातो. १८६५ मध्ये करारांचे प्रमाणीकरण झाले. मालाची प्रत, वजन, पोहोचविण्याचा महिना व ठिकाण हे सारे आधीच निश्चित झाल्यामुळे ठरावयाचा राहिला तो केवळ भाव. सोयाबीनचे वायदे तेथे १९३६ मध्ये सुरू झाले.

या बाजारात दोन प्रकारचे लोक येतात. पहिला वर्ग मालाशी प्रत्यक्ष संबंध असणाऱ्यांचा : शेतकरी, तेलगिरणीवाला, निर्यातदार. इलिनॉयमधील एखादा शेतकरी जूनमध्ये विचार करतो की, नोव्हेंबरचा वायदा आज बुशेलला १० डॉलर आहे आणि हा भाव आपणास परवडतो. तो एक करार विकून ठेवतो. सुगीला भाव साडेआठ डॉलरवर घसरला तर त्याच्या धान्यास दीड डॉलर कमी मिळतात, परंतु विकलेला करार स्वस्तात परत घेऊन तो तेच दीड डॉलर भरून काढतो. भाव १२ डॉलर झाला तर करारावर तोटा आणि धान्यावर नफा होऊन हिशेब पुन्हा १० डॉलरच्या आसपास येतो. स्थानिक भाव आणि वायद्याचा भाव यांत थोडी तफावत राहते, तेवढी सोडता त्याला आपल्या उत्पन्नाचा अंदाज पेरणीच्या सुमारासच बांधता येतो.

त्याने नाकारलेली जोखीम हवेत विरून जात नाही. ती कोणीतरी उचलावी लागते. ती उचलणारा दुसरा वर्ग म्हणजे सट्टेवाला. सट्टा हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जात असला, तरी सट्टेवाल्याच्या अभावी शेतकऱ्यास समोर गिऱ्हाईक मिळाले नसते, ही वस्तुस्थिती आहे. गुंतवणूकदार म्हणून आपण या बाजारात उतरतो तेव्हा आपले स्थान या दुसऱ्या वर्गात असते. आपण बचत करीत नसतो, तर दुसऱ्याची जोखीम मोबदल्याच्या आशेने आपल्या शिरावर घेत असतो. ही एक गोष्ट नीट उमगली तरी निम्मे संकट टळते.

थोडा हिशेब

शिकागोतील सोयाबीनचा एक करार पाच हजार बुशेलचा असतो. एक बुशेल सोयाबीन म्हणजे ६० पौंड. अर्थात एका करारात सुमारे १३६ टन, म्हणजे १३६० क्विंटल माल सामावतो. मराठवाड्यात एकरी पाच-सहा क्विंटल पीक आले असे धरले, तर हे सुमारे अडीचशे एकरांचे पीक झाले! भाव १० डॉलर धरल्यास त्याची किंमत ५० हजार डॉलर होते. एवढी रक्कम मात्र कोणी मागत नाही. दलालाकडे केवळ अनामत, म्हणजे मार्जिन, ठेवावी लागते. समजा ही अनामत अडीच हजार डॉलर आहे. आता भाव केवळ पाच टक्क्यांनी, म्हणजे ५० सेंटने उतरला, तर पाच हजार बुशेलमागे अडीच हजार डॉलर बुडतात आणि खरेदीदाराची संपूर्ण अनामत नाहीशी होते. हिशेब रोजच्या रोज होत असल्याने दलाल लगेच आणखी पैसे मागतो. ते न भरल्यास तो सौदा मोडून टाकतो आणि उरलेला तोटा आपल्याच नावे राहतो. शेअर विकत घेणाऱ्याचे फार तर गुंतविलेले पैसे जातात. येथे गुंतविलेल्यापेक्षा अधिक देणे लागू शकते.

पाच टक्क्यांची घसरण ही काही दुर्मीळ घटना नव्हे. २०१२ च्या अमेरिकेतील दुष्काळात सोयाबीन १७ डॉलरच्या वर गेले होते. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क बसविले, त्या सुमारास ते नऊ डॉलरच्या खाली आले. पाऊस आणि राजकारण ही दोन्ही कोणाच्याही हातात नसतात. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकन खनिज तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. करार संपण्यास एकच दिवस उरला होता आणि तेल साठविण्यास जागा उरली नव्हती. करार हाती असलेले लोक तो सोडविण्यासाठी पदरचे पैसे मोजीत होते. वस्तूच्या वायद्यामागे खरीखुरी वस्तू असते आणि ती ठेवावयास जागा लागते, याचा विसर पडणाऱ्यांना त्या दिवशी फार मोठी किंमत द्यावी लागली.

पावती आणि माल

या बाजाराचा दुसरा आधार म्हणजे वखारीची पावती. पावतीवर माल विकला जातो आणि कर्जही मिळते. परंतु पावती म्हणजे माल नव्हे. १९६३ मध्ये न्यू जर्सीत एका तेल कंपनीच्या टाक्यांत सोयाबीनचे तेल भरले आहे, अशा पावत्यांवर कोट्यवधी डॉलरची कर्जे उचलण्यात आली. तपासाअंती अनेक टाक्यांत मुख्यतः पाणी असून त्यावर तेलाचा केवळ थर तरंगत असल्याचे उघडकीस आले. पावत्यांवर विसंबणाऱ्यांत नामांकित वित्तसंस्था होत्या.

पन्नास वर्षांनी हाच धडा मुंबईने गिरविला. नॅशनल स्पॉट एक्सचेंज या संस्थेत एकाच वेळी हजर खरेदी आणि काही दिवसांनंतरची विक्री अशी जोडी करून ठरावीक परताव्याचे आमिष गुंतवणूकदारांना दाखविण्यात आले. जुलै २०१३ मध्ये व्यवहार बंद पडले, तेव्हा सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५६०० कोटी रुपयांच्या घरातील देणे थकले आणि वखारींत दाखविलेला माल बहुतांशी नव्हताच, असे निष्पन्न झाले. वस्तूंच्या बाजारात निश्चित परतावा नसतो. जो तो देऊ करतो, तो एक तर बाजार जाणत नाही किंवा आपणास फसवीत आहे. ही विक्री पुष्कळदा ओळखीच्या, जातभाईच्या, सभा-समारंभात भेटणाऱ्या माणसाकरवी होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. आपुलकी ही हमी होऊ शकत नाही.

भारतातील वायद्यांची वाटचाल

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत ४८ व्या क्रमांकावर शेअर बाजार आणि वायदा बाजार यांची नोंद आहे. म्हणजे ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तिने सिद्ध केलेल्या संविधानाने हा विषय प्रांतोप्रांतीच्या लहरीवर न सोडता संसदेकडे सोपविला. त्यानुसार १९५२ मध्ये वायदे करार नियमन कायदा झाला आणि १९५३ मध्ये वायदे बाजार आयोग स्थापन झाला. पुढे टंचाईच्या काळात बहुतेक वस्तूंचे वायदे बंद करण्यात आले. २००३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संगणकीकृत बाजार सुरू होऊन या व्यवहारांना नवे जीवन मिळाले आणि २०१५ मध्ये आयोग सेबीत विलीन झाला.

२०२१ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३९५० रुपये होता आणि ऑगस्टमध्ये काही बाजारांत भावाने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. मागील हंगामाचा माल तोवर बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या घरातून गेलेला होता. कोंबडीपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस मुभा दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव पुष्कळ खाली आले. डिसेंबरमध्ये महागाईचे कारण देऊन सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि ही स्थगिती पुढे वारंवार वाढविली. पुन्हा दहा हजारांची वाट पाहत ज्यांनी माल घरात ठेवला, त्यांची पुढील हंगामांत निराशा झाली. २०२४ च्या सुगीत तर हमीभाव ४८९२ रुपये असताना अनेक बाजार समित्यांत सोयाबीन त्याहून कमी भावाने विकले गेले.

या घटनाक्रमातून एक अर्थ स्पष्ट होतो. घरात माल भरून ठेवणारा शेतकरी स्वतःस सट्टेवाला समजत नाही. परंतु भाव चढेल या आशेवर, कोणतेही संरक्षण न घेता, तो आपले वर्षाचे सर्व उत्पन्न पणाला लावीत असतो. शिकागोतील सट्टेवाला जे जाणूनबुजून करतो, ते हा नाइलाजाने करतो. वायदा बंद केल्याने ही जोखीम नाहीशी होत नाही. ती ज्याच्याजवळ भांडवल, वखार आणि माहिती यांपैकी काहीच नाही, त्याच्याकडे सरकते; आणि त्याच्याकडून पुष्कळदा त्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या रोजंदारीवर उतरते.

वायदे बंद करणाऱ्यांच्या युक्तिवादात काहीच तथ्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बड्या भांडवलाने साठा करून बाजार कोंडीत पकडल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेने १९५८ मध्ये कायदा करून कांद्याचे वायदे बंद केले, त्यामागे शिकागोत झालेली अशीच एक कोंडी होती. तेलाच्या भावाचा चटका शहरातील गरीब गृहिणीलाही बसतो. परंतु साठ्यांवर मर्यादा घालणे, अनामत वाढविणे, वखारींची कडक तपासणी करणे ही नियंत्रणाची साधने हाती असताना बाजारच बंद करणे म्हणजे ताप मोजावयाचे यंत्र फोडून ताप उतरविण्याचा प्रयत्न होय.

लहान शेताचा प्रश्न

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या समस्येवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्यात लावलेल्या भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, हा त्यातील विचार वायदा बाजारासही लागू पडतो. दोन-चार एकरांच्या मालकास १३६ टनांचा करार निरुपयोगी आहे. भारतातील करार त्यापेक्षा लहान आकाराचे असले, तरी एकट्या शेतकऱ्याजवळ अनामत भरण्यास पैसे नसतात आणि प्रतवारी केलेला माल वखारीत नेण्याची सोय नसते. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या द्वारे अनेकांचा माल एकत्र आला, तरच हे साधन त्यांच्या हाती येऊ शकेल.

परदेशस्थ आप्तांनी येथे काय करावे? गावाकडे आपण पैसे पाठवितोच. ते लग्नसराईत पाठविण्याऐवजी सुगीच्या तोंडावर पाठविले, तर काढणीची मजुरी आणि दुकानदाराची उधारी भागविण्यासाठी पहिल्याच आठवड्यात पडेल भावाने माल विकण्याची पाळी येत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेसारख्या सुविधेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर अल्प व्याजाने कर्ज मिळते. ही माहिती आपल्या भावंडांपर्यंत पोहोचविणे हेही मोलाचे कार्य आहे. मात्र सर्व माल अडवून ठेवू नये. काही सुगीला, काही नंतर, असा टप्प्याटप्प्याने विकावा. २०२१ नंतरचा अनुभव हेच शिकवितो.

गुंतवणूकदाराने पाळावयाचे नियम

आता आपल्या स्वतःच्या पैशाविषयी. वस्तूंत गुंतवणूक करण्याचे प्रमुख मार्ग तीन. पहिला वायदा करार. त्याचे स्वरूप वर सांगितले. दुसरा ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो विकत घेणाऱ्याचा तोटा भरलेल्या शुल्कापुरता मर्यादित असतो. तो विकणाऱ्याची जोखीम मात्र फार मोठी असू शकते. तिसरा मार्ग शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तु-निधींचा. सोन्याचे अनेक निधी प्रत्यक्ष सोने तिजोरीत ठेवतात. तेलाचे व धान्याचे निधी मात्र सहसा वायदे करार बाळगतात. दर महिन्याला जुना करार विकून पुढचा घ्यावा लागतो आणि पुढचा महाग असला तर प्रत्येक बदलात थोडी घट येते. म्हणूनच तेलाचा भाव वर्षाअखेर तेवढाच राहिला तरी निधीची किंमत उतरलेली असू शकते.

सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार शेअर बाजारातील वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना आधीच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून तोटा झाला. ती पाहणी शेअरच्या वायद्यांची होती. परंतु थोड्या अनामतीवर मोठा सौदा हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मुलांच्या शिक्षणाचा, घराच्या हप्त्याचा आणि निवृत्तीचा पैसा या बाजारास दाखवूही नये. कर्ज काढून सौदा करू नये. कराराची पूर्ण किंमत किती, हे कागदावर मांडल्याविना आणि मुदत कधी संपते हे पाहिल्याविना खरेदी करू नये. दलालाची नोंदणी नॅशनल फ्युचर्स असोसिएशनच्या यादीत स्वतः तपासावी; तो ओळखीचा असला तरी तपासावी. निव्वळ महागाईपासून संरक्षण हवे असेल, तर एकूण बचतीचा अल्पसा भाग सोन्याच्या किंवा मिश्र वस्तूंच्या निधीत ठेवणे सर्वसामान्य कुटुंबास पुरेसे आहे.

आपल्या असोसिएशनने वर्षातून एखादी रविवारची दुपार या विषयाच्या अभ्यासासाठी राखून ठेवावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. तेथे कोणती वस्तू घ्यावी याच्या शिफारशी दिल्या जाऊ नयेत. एखाद्या पिकाचा शेतापासून गिरणीपर्यंतचा प्रवास, करारातील अटी, त्या वर्षीच्या भावातील चढउतार आणि त्यांची कारणे यांची साधार चर्चा व्हावी. तरुणांनी ती इंग्रजीत करावी, वडीलधाऱ्यांनी मराठीत. आणि तिचा सारांश गावाकडील नातलगांना पाठवावा. बाजाराचे गणित ज्यांना अवगत होते, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली जोखीम ते ज्यांना अवगत नव्हते त्यांच्या माथी मारली. हे गणित शिकण्यासाठी बाजारात पैसा लावण्याची आवश्यकता नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरे आहे.